निवृत्त भागीदाराचा वाटा : पेणची मूर्तिशाळा आणि रोह्याची भातगिरणी

हिशेबी वर्ष आता ३१ मार्चला संपत असले, तरी लक्ष्मीपूजनाला वही पुजण्याची रीत टिकून आहे. या वहीत भागीदाराच्या नावे भांडवलाची जी शिल्लक दिसते, तेवढीच घेऊन तो पेढीतून बाहेर पडला, तर बहुधा त्याचे नुकसान होते. ते कसे, हे आपल्या रायगड जिल्ह्यातील दोन परिचित धंद्यांवरून पाहू.

पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत वर्षभर पैसा मूर्तींत अडकतो आणि भाद्रपदाच्या सुमारास मोकळा होतो. समजा, अशा एका कारखान्यात तिघांचे समान वाटे आहेत आणि निवृत्त होणाऱ्याची भांडवल शिल्लक ४,००,००० रुपये आहे. घसारा वजा होत होत साचे वहीत ६०,००० रुपयांवर आले आहेत. त्यांचे आजचे मोल मात्र ३,००,००० आहे. म्हणजे २,४०,००० चा लाभ. ९०,००० ची जुनी उधारी बुडीत धरली, तर पुनर्मूल्यांकन खात्यावर १,५०,००० उरतात. त्यातले ५०,००० त्याचे.

पुढचा प्रश्न नावाचा. वर्षानुवर्षे त्याच दारी येणारे गिऱ्हाईक ही पेढीची ख्याती. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यात ख्याती ही पेढीच्या मालमत्तेतच मोडते. सरासरी वार्षिक नफा ३,००,००० धरून दोन वर्षांच्या खरेदीने तिचे मूल्य ६,००,००० होते. निवृत्ताचे २,००,००० राहिलेल्या दोघांच्या भांडवल खात्यांना लाभ प्रमाणात, म्हणजे प्रत्येकी १,००,००० नावे टाकून, त्याच्या खात्यावर जमा करायचे. एकूण देणे ६,५०,००० झाले. वहीतल्या आकड्याहून अडीच लाख जास्त.

रोह्याच्या भातगिरणीत ख्यातीपेक्षा जमीन आणि इमारत भारी पडतात. त्या वहीत जुन्या खरेदी किमतीलाच पडून असतात, म्हणून वाद पुनर्मूल्यांकनावर होतो. इथे एक गैरसमजही आढळतो : ‘जागेचा तिसरा हिस्सा माझा.’ तसे नसते. अद्दांकी नारायणप्पा खटल्यात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की भागीदाराला पेढीच्या एखाद्या ठरावीक वस्तूवर हक्क सांगता येत नाही. देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेतील वाट्याचे मोल त्याला मिळते.

दिवस कोणता, यानेही फरक पडतो. शिल्लक माल खर्चाच्या किंवा बाजारभावाच्या, यांतील कमी किमतीला धरतात. आषाढात बाहेर पडणाऱ्याच्या हिशेबात रंगवून तयार मूर्तींचा नफा त्यामुळे येत नाही. तो हवा असेल, तर अंदाजित नफ्यातील वाटा करारातच लिहून ठेवावा.

रक्कम लगेच मिळाली नाही, तर ती निवृत्ताच्या कर्ज खात्यावर जाते. आणि अंतिम हिशेब न करताच उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर कलम ३७ त्याला निवड देते : त्याच्या वाट्याच्या वापरातून झालेला नफा, किंवा वाट्याच्या रकमेवर दरसाल ६ टक्के व्याज. आपल्या उदाहरणात हे व्याज वर्षाला ३९,००० होते. करारात वेगळे ठरले असेल, तर करार चालतो.

शेवटचे काम वहीबाहेरचे आहे. निवृत्तीची जाहीर नोटीस दिली जाईपर्यंत, त्याला भागीदार समजून व्यवहार करणाऱ्यांची देणी त्याच्या गळ्यात पडू शकतात. नोंदणीकृत पेढीसाठी ही नोटीस निबंधकाकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतील एका वृत्तपत्रात द्यावी लागते. वाटा हाती आला, तरी त्या नोटिशीवाचून निवृत्ती पुरी होत नाही.