पांच सेनेटर रणक्षेत्रांत

युद्धासाठीं पैसा मंजूर करणाऱ्या लोकप्रतिनिधीनें तो रणक्षेत्रांत कसा खर्च होतो हें स्वतः पाहावें काय? १९४३ च्या जुलैअखेर अमेरिकेचे पांच सेनेटर याच हेतूनें विमानानें निघाले. रिचर्ड रसेल त्यांचे प्रमुख. हेन्री कॅबट लॉज त्यांतलेच एक. इंग्लंड, उत्तर आफ्रिका, हिंदुस्थान, चीन, ऑस्ट्रेलिया असा हा दौरा सुमारें दोन महिने चालला. सैनिकांची विचारपूस झाली. पण खरी दृष्टि हिशेबनिसाची होती. १९४१ च्या ‘लेंड-लीज’ कायद्यान्वयें दोस्तांना दिलेल्या मालाचें काय होतें, आणि मध्यपूर्वेंतील तेल ब्रिटनच्या हातीं असतां अमेरिकेचेंच तेल अधिक कां जळावें, हे त्यांचे प्रश्न. परतल्यावर ७ ऑक्टोबरला सेनेटची गुप्त बैठक भरली. अशा गोष्टी गुप्त राहतात थोड्याच! बातमी फुटली आणि ब्रिटनमध्यें नाराजी पसरली. ती अगदींच अकारण नव्हती. धांवत्या पाहुण्याला छावणीचा झाडून-पुसून ठेवलेला भागच बहुधा दिसतो. तथापि, कर भरणाऱ्यांच्या वतीनें कोणीं तरी विचारणें अवश्यच होतें.

लॉज हे केवळ पाहुणे नव्हते. १९४२ मध्यें ते लिबियांत अमेरिकन रणगाडा-पथकाबरोबर होते; परंतु सेनेटर राहून लढण्यास त्याच वर्षीं मनाई झाली. १९४४ च्या फेब्रुवारींत त्यांनीं सेनेटचा राजीनामा दिला आणि ते सैन्यांत रुजू झाले.