चार भागांत वाटली जाणारी गोळी

तिसगावच्या एखाद्या मेडिकलमधून घेतलेली गोळी खरी की खोटी, हे नुसते पाहून डॉक्टरलाही सांगता येत नाही. कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरच्या या पाथर्डी तालुक्यातल्या गावात असो की मुंबईत, आपण पाकिटावरचा छाप वाचतो आणि गोळी गिळतो. हा छापच किती खोटा असू शकतो, ते नागपूर जिल्ह्यात दिसले. 2023 मध्ये कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचा नमुना घेतला गेला. तपासणीत त्यात औषध निघालेच नाही. पाकिटावरची गुजरातची कंपनी अस्तित्वातच नव्हती. टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या गोळ्यांचा माग पुढे हरिद्वारपर्यंत गेला.

त्यात विष नव्हते, तरी गुन्हा मोठा होता. जंतू अंगात वाढत असताना रुग्णाला उपचार चालू आहेत असे वाटत राहते, आणि हातचे दिवस निघून जातात.

1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा इथे फार खोलात शिरतो. आत अस्सल औषध असले, पण लेबलवरची कंपनी काल्पनिक असेल, तरी ते औषध बनावटच ठरते. का? उद्या काही बिघडले तर जाब द्यायला कुणी उरत नाही, म्हणून. खराब झालेली गोळी झाकायला तिला रंग वा लेप चढवला, लेबलवर खोटा दावा छापला, तर तो वेगळा गुन्हा, मिसब्रँडिंगचा. त्याला साधारण एक ते दोन वर्षे कैद. बनावट औषधाला मात्र किमान 7 वर्षे. त्यातून मृत्यू किंवा गंभीर इजा होण्यासारखी असेल तर किमान 10 वर्षे ते जन्मठेप, आणि किमान 10 लाख रुपये किंवा मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांत जास्त असेल तो दंड. 2008 च्या दुरुस्तीने हा दंड पीडिताला, तो हयात नसेल तर नातेवाइकाला देण्याची सोय केली. या कायद्यातली ही सर्वांत माणुसकीची ओळ आहे.

एवढी कडक शिक्षा द्यायची तर पुरावाही तितकाच पक्का हवा, आणि त्याची रीत थक्क करणारी आहे. औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो, त्याची रास्त किंमत देऊ करतो आणि त्याचे चार सीलबंद भाग करतो. एक दुकानदाराकडेच राहतो, एक शासकीय विश्लेषकाकडे, एक न्यायालयात आणि एक दुकानदाराने ज्याच्याकडून माल घेतल्याचे सांगितले त्याच्याकडे जातो. आरोपीने 28 दिवसांत अहवालाला आव्हान दिले, तर न्यायालयाकडचा भाग कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत जाऊ शकतो. तिचा अहवाल अंतिम.

‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर दुकानदार सुटत नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून माल घेतला, नीट साठवला आणि वाजवी काळजी घेऊनही खोट कळली नसती, हे त्याने दाखवले तर कायदा त्याला जपतो. प्रामाणिक दुकानदारासाठी खरेदीचे बिल म्हणूनच मोलाचे.

पण कायद्याचा हा पहारा कधी कधी उशिरा पोचतो. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलने 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी करून व्यवस्थेतली कीड उघड केली, पण ती माणसे गेल्यावर.

आधी संशय घेण्याचा हक्क तुम्हालाही आहे. कलम 26 नुसार कुणीही ठरलेले शुल्क भरून, स्वतः विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मेडिकलमधून निघताना बिल मागून घ्या, त्यावरचा बॅच नंबर पाकिटाशी जुळतो का ते पाहा, आणि औषध संपेपर्यंत दोन्ही जपून ठेवा.