दारावरच्या पाटीवर ‘द जोशीज’ लिहिताय? आधी स्पेलिंग तपासा

नव्या फ्लॅटच्या दारावर इंग्रजीत ‘द जोशीज’ अशी पाटी लावायची हौस अनेकांना असते. बऱ्याच पाट्यांवर जोशीनंतर अपॉस्ट्रॉफी, म्हणजे तो वर लटकणारा स्वल्पविराम, आणि मग ‘एस’ दिसतो. त्याचा अर्थ होतो ‘जोशीचं’. जोशीचं काय, ते पाटी सांगत नाही! आणि पितळेवर एकदा कोरलेला अपॉस्ट्रॉफी खोडताही येत नाही.

‘जोशी मंडळी’ म्हणायचं असेल तर आडनावाला नुसता एस जोडायचा. ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका आठवा, तिच्या नावात अपॉस्ट्रॉफी नाही.

गडबड होते ती एसनं संपणाऱ्या आडनावांत. जोन्सचं अनेकवचन ई-एस लावून जोन्सेस. गोव्यातलं फर्नांडिसही तसंच, फर्नांडिसेस. एक्स, झेड, एसएच आणि ‘च’ उच्चाराच्या सीएचनंतरही ई-एसच. देशमुखच्या शेवटी मात्र केएच आहे, तिथे नुसता एस पुरतो.

शाळेत घोकलेला ‘वाय काढा, आय-ई-एस लावा’ हा नियम इथे विसरा. केनेडी घराण्याबद्दल लिहिताना वाय तसाच ठेवून पुढे एस येतो, कारण मूळ नाव मोडायचं नसतं. वर्गात दोन मेरी असल्या तरी हेच.

मग अपॉस्ट्रॉफी लागतो कधी? ‘जोशींचं घर’ असं लिहायचं असेल तेव्हा, आणि तोही एसच्या नंतर. आधी टाकलात तर घर एकट्या जोशीचं, बाकीचे भाडेकरू!