घरच्या ऑर्किडला फुलवताना

घरात वाढवली जाणारी बहुतेक ऑर्किड मुळात झाडांच्या खोडांवर वाढणारी आहेत. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी चटकन शोषते, पण हवा मिळाली नाही तर मूळ कुजते. म्हणूनच साधी माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे भरलेली, भरपूर भोके असलेली कुंडी हवी. ऑर्किड मरतात ती बहुधा अतिपाण्याने. फॅलेनॉप्सिस या प्रकारच्या ऑर्किडची ओली मुळे हिरवी दिसतात. ती रुपेरी झाली की पाणी द्यावे.

पाने गडद हिरवी, टवटवीत आणि तरीही फूल नाही, याचे नेहमीचे कारण अपुरा प्रकाश. पूर्वेच्या खिडकीतले कोवळे ऊन चालते, दुपारचे पाने भाजते. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा येण्यासाठी काही आठवडे गारवाही लागतो. रात्री १६ ते १८ अंश उत्तम. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात तो सहज मिळतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट उकाड्यात मात्र डेंड्रोबियम या ऑर्किडचे उष्णता सोसणारे संकरित वाण निवडणेच शहाणपणाचे. वाढीच्या काळात पातळ खत द्यावे. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नये, त्या गळू शकतात.