डोळ्याखालीं दिवा बाळगणारा मासा

अंधारांत वावरणाऱ्या प्राण्याला स्वतःचा दिवा मिळाला तर त्याचें कल्याणच होईल, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु ज्या उजेडांत आपणांस दुसरा दिसतो, त्याच उजेडांत दुसऱ्यालाही आपण दिसतों. रात्रीं दिवा लावून खिडकीशीं उभा राहिलेला मनुष्य रस्त्यावरून स्पष्ट दिसतो. रस्त्यावरचा मनुष्य मात्र त्याला दिसत नाहीं. उष्ण कटिबंधांतील समुद्रांत राहणाऱ्या कांहीं लहान माशांपुढें हीच अडचण रोज रात्रीं उभी असते. ती त्यांनीं कशी सोडविली आहे हें पाहण्यासारखें आहे.

इंडोनेशियांत बांदा नांवाचीं बेटें आहेत. जायफळ आणि जायपत्री यांच्या लोभानें युरोपांतील व्यापारी एके काळीं ज्यांच्यासाठीं भांडले, तींच हीं बेटें. तेथील किनाऱ्यालगत पोंवळ्यांचे खडक आहेत, आणि त्यांच्या कपारींत दिवसा दडून राहणारे दोन जातींचे मासे आहेत. एकाचें शास्त्रीय नांव फोटोब्लेफेरॉन. त्याचें वर्णन डच पंडित पीटर बोडार्ट यानें १७८१ सालीं केलें. दुसऱ्याचें नांव अ‍ॅनोमॅलॉप्स. त्याचें वर्णन ब्लीकर यानें १८५६ सालीं केलें. दोघांचेंही अंग काळसर असतें, आणि प्रत्येक डोळ्याच्या खालीं घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा एक पांढुरका अवयव असतो. काळोखांत त्यांतून निळसर हिरवा प्रकाश बाहेर पडतो.

हा प्रकाश माशाचा स्वतःचा नव्हे. अमेरिकन शास्त्रज्ञ न्यूटन हार्वे यानें या दोन्ही माशांचा अभ्यास करून १९२२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. काजवा थांबून थांबून चमकतो. पण या माशाचा अवयव रात्रंदिवस अखंड प्रकाशत असतो. तो कापून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला असतां बारीक नळ्यांत असंख्य जंतु दाटीनें भरलेले दिसतात, आणि प्राणवायु तोडला कीं प्रकाश विझतो. दिवा पेटविणारे हे जंतुच होत. मासा त्यांना आसरा देतो, आणि रक्ताच्या द्वारें अन्न व प्राणवायु पुरवितो. जंतु त्या भाड्याच्या मोबदल्यांत उजेड देतात. अवयवाच्या मागच्या बाजूस आरशासारखा एक थर असतो. त्यामुळें प्रकाश माशाच्या अंगांत न शिरतां बाहेर फेंकला जातो.

परंतु जो दिवा विझवितां येत नाहीं, तो शत्रूला आमंत्रणच देतो. म्हणून निसर्गानें येथें दिवा विझविण्याची नव्हे, तर झांकण्याची सोय केली आहे. फोटोब्लेफेरॉन अवयवाच्या खालून काळ्या कातडीची एक घडी वर ओढून घेतो. त्याच्या नांवाचा अर्थच मुळीं ‘प्रकाशाची पापणी’ असा आहे. अ‍ॅनोमॅलॉप्सची तऱ्हा निराळी. त्याचा अवयव पुढच्या टोंकाशीं बिजागरीवर बसविल्यासारखा असतो. तो फिरवून मासा त्याची तेजस्वी बाजू खालच्या काळ्या खिशांत दडवितो.

या उघडझांपीचा उपयोग नाना प्रकारें होतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, अ‍ॅनोमॅलॉप्स रात्रीं मिनिटाला सुमारें ९० वेळां दिवा उघडतो व झांकतो; पण भक्ष्याचे बारीक जीव समोर आले कीं ही उघडझांप कमी होते आणि दिवा अधिक वेळ उघडा राहतो. तांबड्या समुद्रांतील फोटोब्लेफेरॉनचें निरीक्षण १९७५ सालीं प्रसिद्ध झालें. शत्रु पाठीस लागला असतां तो मासा दिवा उघडा ठेवून एका दिशेनें पोहतो, मग एकाएकीं दिवा झांकून भलत्याच दिशेला वळतो. शत्रु जेथें शेवटचा उजेड दिसला तिकडे धांवतो, आणि मासा निसटतो! चांदण्या रात्रीं मात्र ही युक्ति तितकीशी उपयोगीं पडत नाहीं. म्हणून हे मासे बहुधा चंद्र नसतांनाच उथळ पाण्यांत येतात.

येवढ्या चातुर्यालाही एक मर्म आहे. अ‍ॅनोमॅलॉप्सला उपाशी ठेवलें तर त्याचा दिवा मंदावत जाऊन अखेर विझतो, असें १९७६ सालीं नमूद झालें आहे. जंतूंना अन्न माशाकडून मिळतें, आणि माशाला अन्न त्या जंतूंच्या उजेडांत सांपडतें. दोहोंपैकीं एकाची उपासमार म्हणजे दुसऱ्याचीही उपासमार. त्यांतही हे जंतु आतां इतके परावलंबी झाले आहेत कीं, माशापासून वेगळे काढून प्रयोगशाळेंत त्यांना वाढवितां आलेलें नाहीं.

आणि शेवटीं, हाच दिवा घाताचेंही कारण झाला आहे. बांदा येथील कोळी हा अवयव कापून घेऊन गळावर आमिष म्हणून लावीत. मासा मेला तरी तोडलेला अवयव कित्येक तास पाण्यांत चमकत राही, आणि त्या उजेडाला भुलून दुसरे मासे गळाला लागत. दिवा तोच, जंतुही तेच. नाहींशी झाली होती ती केवळ त्यावरची पापणी. या माशाचें जगणें त्याच्या उजेडावर चालतें हें खरें. पण रात्रीमागून रात्र त्याला जिवंत ठेवतें तें तो उजेड वेळींच झांकण्याचें सामर्थ्य.