न पाहिलेल्या आकाशाचा चित्रकार

साडेसातीच्या भीतीपलीकडे शनीशीं आमचा परिचय फारसा नसतो. मंगळवार पेठेंतील गच्चीवरून पाहिला तर तो एक पिवळसर, संथ ठिपका. 'शनैश्चर' हें नांव त्यास शोभतें खरें, कारण सूर्याभोंवतीं एक फेरी घालण्यास त्यास सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात. परंतु त्याच शनीच्या एखाद्या चंद्रावर उभें राहून वर पाहिलें तर काय दिसेल? चेस्ली बोनस्टेल या अमेरिकन चित्रकारानें या प्रश्नाचें उत्तर कुंचल्याच्या आधीं गणितानें शोधिलें.

त्याचा जन्म सॅन फ्रॅन्सिस्को येथें १८८८ सालीं झाला. सतराव्या वर्षीं लिक वेधशाळेच्या दुर्बिणींतून त्यानें शनि पाहिला व घरीं येऊन त्याचें चित्र काढिलें. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगींत तें जळून गेलें. पुढें वास्तुशिल्पकारांसाठीं आराखडे रंगवीत त्यानें पुष्कळ वर्षें काढिलीं आणि पन्नाशीच्या सुमारास तो चित्रपटांत शिरला.

कोल्हापूरकरांस ही वाट ओळखीची वाटेल. आमचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवितां रंगवितां १९२० सालीं 'सैरंध्री'पर्यंत पोहोंचले. बोनस्टेलचें काम असें कीं, त्यानें रंगविलेला देखावा कॅमेऱ्यांत खऱ्या इमारतीशीं एकजीव व्हावा. कॅमेरा सरकला म्हणजे दृश्य किती अंशांनीं बदलतें, हें त्यास तेथें उमगलें. तीच रीत त्यानें शनीस लाविली. शनीचा व्यास सुमारें १,२०,००० किलोमीटर. टायटन हा त्याचा सर्वांत मोठा चंद्र सुमारें १२ लक्ष किलोमीटरांवर. म्हणजे तेथून शनीचें बिंब आपल्या चंद्रबिंबाच्या अकरा पट रुंद भरतें. आणि मायमस हा चंद्र १,८५,००० किलोमीटरांवर असल्यामुळें तेथून सुमारें सत्तर पट! शाळेंत त्रिकोणमितीस कंटाळणाऱ्या मुलांस हें उदाहरण अवश्य घालावें. हीं चित्रें 'लाइफ' साप्ताहिकानें मे १९४४ मध्यें छापिलीं. १९५२ पासून 'कॉलियर्स' साप्ताहिकांत व्हर्नर फॉन ब्राउन यांच्या योजनांवरून अवकाशयानेंहि त्यानें रंगविलीं.

तथापि काळानें त्याची परीक्षा कठोरपणें घेतली. टायटनच्या निळ्या आकाशांत त्यानें शनि दाखविला होता. १९८० सालीं 'व्हॉयेजर-१' यानास तेथें दाट नारिंगी धुकें आढळलें. आपल्या चंद्रावरचे डोंगर त्यानें टोकदार काढिले. अपोलोच्या यात्रिकांनीं ते गोलसर पाहिले. बोस्टनच्या विज्ञान-संग्रहालयासाठीं १९५७ सालीं रंगविलेलें त्याचें चाळीस फूट लांबीचें चंद्रचित्र १९७० सालीं उतरविण्यांत आलें. मला हें अंमळ निष्ठुर वाटतें. अंतरें व अंश कोणी खोटे ठरविले नाहींत. चुकले ते हवेविषयींचे व दगडांविषयींचे तर्क, आणि तेथें कोणी जाऊन आल्यावांचून ते पारखावयाचे कसे?

बोनस्टेल स्वतः मात्र रंगवीतच राहिला. जून १९८६ मध्यें, वयाचीं अठ्ठ्याण्णव वर्षें पुरीं झाल्यावर, तो कार्मेल येथें वारला, तेव्हां त्याचें एक चित्र अपुरें होतें.