शेक संपल्यानंतरचं तोंड

टॉन्सिलच्या कर्करोगातून बरे झालेल्या ओळखीतल्या एकांना चार वर्षांनीही सफरचंद किसून खावं लागतं, हे कळल्यावर मी एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात जाऊन बसले. रोग गेला, मग तोंड का उघडत नाही?

खोलीत यंत्रं फारशी नाहीत. टेबलावर लाकडी काड्यांचा गठ्ठा. डॉक्टर जीभ दाबायला वापरतात त्या. समोर साताऱ्याकडचे एक मामा, त्यांचाही घशाचा शेक होऊन गेलेला. फिजिओथेरपिस्ट ताई काड्यांची थप्पी त्यांच्या दाढांमध्ये सरकवतात. अकरा बसल्या. बारावी त्या थप्पीच्या मधोमध हळूहळू रेटतात. “मामा, खांदे सैल सोडा. श्वास चालू ठेवा.” कानापुढचा स्नायू टरारून वर येतो, डोळ्यांतून पाणी. ताई तीसपर्यंत मोजतात. मग काड्या काढून पुढच्या दातांमध्ये पट्टी धरतात. “बावीस मिलिमीटर. पस्तीसच्या वर पाहिजेत, मामा.”

धडधाकट माणसाचं तोंड 40 ते 50 मिलिमीटर उघडतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून आत जावीत एवढं. 35 किंवा त्याहून कमी म्हणजे जबडा आखडला.

घशाला सहा-सात आठवडे दिलेला शेक, म्हणजे रेडिएशन, चावण्याच्या स्नायूंनाही लागतो. तोंडातले फोड महिना-दोन महिन्यांत भरतात. स्नायू मात्र त्यानंतर आतून कडक होऊ लागतात. पहिल्या वर्षात झपाट्यानं, पुढेही कित्येक वर्षं. नेमका तेव्हाच पेशंट ‘सुटलो’ म्हणून व्यायाम सोडतो. लाळ आधीच आटलेली, त्यात ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही, दात किडतात. शेक लागलेल्या जबड्यातला दात काढणं जोखमीचं, हाड लवकर भरत नाही. आणि काढायचा तरी कसा? दातांच्या डॉक्टरांचा हातच आत जात नाही.

मामांच्या फाईलवर ‘रोग नाही’ असा शेरा आहे. खराच आहे तो. पण मामा पंगतीला जाणं सोडून बसलेत, भाकरी दुधात कुस्करून खातात, आणि त्या जाडजूड फाईलमध्ये शेकाआधी तोंड किती उघडत होतं हे कुठेच लिहिलेलं नाही. एक पट्टी लावायला कितीसा वेळ लागतो?

घरात कुणाचा शेक सुरू व्हायचा असेल तर त्याआधीच तोंड मोजून घ्या आणि आकडा फाईलवर लिहून मागा. जबड्याचे व्यायाम कोणते, ते त्याच दिवशी विचारा, आणि शेक संपला म्हणून ते सोडू नका. 35 च्या खाली गेलेलं तोंड पुन्हा उघडायला फार कष्ट पडतात.